वजनापेक्षा गोळीची बांधणी पाहावी

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी गोळी जितकी जड तितकी चांगली, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. त्यात तथ्य असले तरी ते अपुरे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे आपल्याकडे शौकाची शिकार बंद आहे आणि हरणांवर तर बंदूक रोखण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा विचार पिकांच्या नासाडीसाठी वनखात्याने लेखी परवानगी दिलेल्या जनावरापुरताच करावा.

पूर्ण धातूच्या कवचाची गोळी अंगात न फुलता, म्हणजे टोक पसरून रुंद न होता, आरपार जाते आणि जखमी जनावर तुरीत शिरते. रात्री तुरीत जखमी डुकराचा माग काढणे किती जिवावरचे असते, हे आपल्या गावांना सांगायला नको. याउलट, मऊ शिशाचे टोक उघडे असलेली गोळी आत फुलते आणि जनावर लवकर पडते. अशा फुलणाऱ्या गोळ्यांना १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात मनाई केली, पण शिकारीत त्याच अधिक दयाळू ठरतात. मात्र पातळ कवचाची गोळी वयस्क नर डुकराच्या खांद्यावरील जाड कातडीतच फुटू शकते, म्हणून कवच जाड आणि शिशाला घट्ट जोडलेले असावे. ३१५ बोअर (नळीचे माप) रायफलची मऊ टोकाची गोळी जवळच्या अंतरावर पुरेशी आहे; बारा बोअरच्या बंदुकीच्या छऱ्यांनी लांबून मारणे मला क्रूर वाटते.

शिशाचे कण मांसात विखुरतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते, म्हणून मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये.