लेक "मी अभ्यास केलो" म्हणते, घरातली मराठी बंद करावी का?

वडगावची आई

आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. लेक साडेसहा वर्षांची, यंदा पहिलीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी. खालच्या मजल्यावरचे घरमालक कन्नड, त्यांच्या अज्जीच्या मागंमागं ही दिवसभर. आणि गल्लीतली पोरं भांडतात हिंदीत.

दिवाळीत पुण्याहून नणंद आलेली. ही पळत गेली, "आत्या, मी अभ्यास केलो, आता मी टीव्ही बघतो." नणंद हसत सुटली, तिच्या मुलानं तर दोन दिवस "केलो केलो" करून चिडवलं. तेव्हापासून आत्याचा फोन आला की ही पलंगाखाली.

त्यात परवा पालकसभेला टीचर म्हणाल्या, भाषांचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. मला पटलं नाही, पण घरी गणित घेताना "पंचवीस लिही" म्हटलं की ती 52 लिहिते. ट्वेंटी फाइव्ह म्हटलं की बरोबर. मग वाटतं, टीचर खरंच सांगतात की काय. शिवाय "बाबांनी पिशवी आणली, मी रिकामी करली" असलंही चालू असतं. सासूबाई म्हणतात, बोलतं पोर गप्प करू नको. मिस्टर म्हणतात, तूच ठरव.

मराठी वाचायला शिकवू का, की आधी इंग्रजी-कन्नड होऊ दे?

निपाणीकर

ताई, 52 चं आमच्या थोरल्याचंही असंच होतं. चौथीत आपोआप थांबलं. मी स्वतः कन्नड शाळेत शिकलो, देवनागरी आठव्या वर्षी चुलत्यानं शिकवली. कन्नडात बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर वेगळा तलकट्टू, म्हणजे छोटी टोपी, काढायची सवय, त्यामुळं मी शिरोरेषा सलग ओढायचोच नाही, प्रत्येक अक्षराला तुटक टोपी घालायचो. अजून सही तशीच आहे.

खानापूरच्या बाई (निवृत्त)

बाळ, आधी त्या 52 चा निकाल लावू. कान दे.

मराठीत आपण म्हणतो पंच-वीस, म्हणजे पाच आधी आणि वीस मागनं. लिहिताना मात्र 2 आधी. तुझी लेक ऐकू आलं तसं लिहिते, पाच ऐकला की पाच मांडते. इंग्रजीत वीस आधी, कन्नडातही इप्पत्तैदु म्हणजे वीस आधी, म्हणून तिथं चुकत नाही. एकोणतीस तर आणखी खट्याळ, नाव तीसचं आणि लिहायचा 2. महाराष्ट्रात 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ते बरं की वाईट यात मी पडत नाही, पण अडचण खरी आहे म्हणून तर ते आलं. शेंगांच्या दहा-दहाच्या जुड्या बांध, दोन जुड्या आणि पाच सुट्या तिच्या हातात दे, आणि मग पंचवीस म्हण. माझ्या वर्गात शेंगा निम्म्या खाल्ल्या जायच्या, पण हिशेब बसायचा.

आता "केलो". ही चूक तुझ्या लेकीची नव्हे, आपल्या मुलखाची बोली आहे. पुण्याच्या मराठीत "मी अभ्यास केला", क्रियापद अभ्यासाच्या मागं जातं. कन्नडात ते करणाऱ्याच्या मागं जातं, "नानु केलस माडिदे". पिढ्यान्‌पिढ्या शेजार, म्हणून आपल्याकडं मोठी माणसंसुद्धा "मी काम केलो" म्हणतात, आणि बायका "मी येतो" म्हणतात. माझी आई म्हणायची. मी वर्गात "केला" शिकवायची आणि घरी जाऊन "स्वयंपाक केलो" म्हणायची. पोरांना हे दोन्ही कप्पे ठेवता येतात. सहा-सात वर्षांचं पोर कुणाशी कसं बोलायचं ते बरोबर ओळखतं. तुझी लेक खालच्या अज्जीशी मराठी बोलते का? नाही ना? मग गोंधळ कुठं आहे?

आणि "करली" ऐकून तर मला पेढे वाटावेसे वाटतात. सरली, भरली, चरली, तशी करली. नियम तिनं स्वतः शोधलाय. "केली" हा शब्द ऐकून ऐकून पाठ व्हावा लागतो, आली-गेलीसारखा. तू चूक म्हणू नको, नुसतं तिचंच वाक्य नीट करून परत म्हण. "हो का, रिकामी केलीस होय? मग आत काय निघालं?" तेवढं पुरे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, एका पोराला गप्प करून शिकलेय. जांबोटीकडच्या घाटातल्या एका वस्तीवरचा होता. पहिल्याच आठवड्यात उभा राहून रानगव्याची गोष्ट सांगायला लागला, आणि मी प्रत्येक वाक्याला मधे थांबवून "असं नाही, असं म्हण" करत बसले. गवा पाण्यावर यायच्या आधीच पोर खाली बसलं. पुढं जून ते दिवाळी हजेरीला "आहे" एवढंच. त्या गव्याचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून शब्द किती येतात हे मोजू नको, गोष्ट सांगता येते का ते बघ. या वयात खरी वाढ तिथं असते. आधी काय, मग काय, म्हणून काय झालं, कोण कुणाला म्हणालं. पाचव्या वर्षी पोर "मग, मग, मग" करत सांगतं. आठव्यापर्यंत "कारण", "तरीपण", "जर-तर" यायला लागतात, दोन अर्थांचे विनोद कळतात, कोडी घालता येतात. गोष्ट कुठल्याही भाषेत सांगू दे. मराठीत गोष्ट रचायला शिकलेलं पोर इंग्रजीतही रचतं, शब्द तेवढे बदलतात.

वाचायचं म्हणशील तर बिनधास्त शिकव, रोज दहा मिनिटं, मांडीवर घेऊन. घाई मात्र नको. इंग्रजीची सव्वीस अक्षरं दोन महिन्यांत होतात. आपल्या बाराखडीची घरं मोजलीस तर चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. तिसरी-चौथीपर्यंत अडखळणं धरूनच चालायचं. पण क-ख-ग-घ हा क्रम कन्नडातही तोच, त्यामुळं एकीकडचं दुसरीकडं उपयोगी पडतं. घोळ होतो तो ए-ओ मध्ये, कारण कन्नडात ते ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे लिहितात.

राहता राहिल्या टीचर. कन्नड तर 2015 च्या कायद्यानं शाळेत आहेच, इंग्रजी तुम्ही फी भरून घेतलंय. माध्यम पालकांनी ठरवायचं हे 2014 साली सुप्रीम कोर्टानं कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. चुलीपुढं काय बोलायचं हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही. आणि तुझं इंग्रजी कसं आहे? माझ्यासारखं असेल तर घरात दिवसभर "कम, सिट, ईट" एवढंच होणार. पोराला भरघोस भाषा मिळते ती आईला ज्या भाषेत रागावता येतं त्या भाषेत.

श्रवण-वाचा

मी वाचा-उपचाराचं काम करते. बाईंशी सहमत, एक भर. दोन-तीन भाषांच्या मुलाचे शब्द सगळ्या भाषांचे मिळून बघायचे. अडचण खरी असेल तर ती एकाच भाषेत नाही, सगळ्या भाषांत दिसते: साधी सूचना कळत नाही, परक्या माणसाला बोलणं समजत नाही, गोष्टीचा धागा लागत नाही. तसं असलं तर आधी कान तपासा. सर्दीनं कानात पाणी राहिलेली मुलं मी नेहमी बघते. र आणि ळ उशिरा आले तर सात-आठ वर्षांपर्यंत थांबायला हरकत नाही.

वडगावची आई

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, त्या "बघ, मी सांगितलो होतो" म्हणाल्या.

शेंगा आणल्या. तेवीस आणि पंचवीस जमलं, एकोणतीसला अजून 3 नं सुरुवात.

काल एक गंमत झाली. खालच्या अज्जींच्या नातवाचं कन्नडचं पुस्तक घेऊन ही वर आली आणि सासूबाईंसमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आज्जी, मर!" सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. ही खदाखदा हसतेय. "अगं झाड! कन्नडात झाडाला मर म्हणतात. चित्र बघ की!" मग आत्याला फोन लावायला तिनंच सांगितलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. आत्यालाही तेच कोडं घातलं.

आत्याला आलं नाही.