अतिथी, पाहुणे की वाटसरू?

मसिरेखा: अ‍ॅडम एल्सहायमरच्या तैलचित्रावरून हेंड्रिक गाउट याने १६१२ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राची मी मराठीत ओळख लिहीत आहे. दिव्याच्या उजेडातली झोपडी, फिलेमॉन आणि बॉकिस हे म्हातारे जोडपे आणि त्यांच्याकडे वेषांतर करून उतरलेले ज्युपिटर व मर्क्युरी हे रोमन देव, असा प्रसंग आहे. शीर्षकातला माझा ‘अतिथी’ खोडून संपादकांनी ‘पाहुणे’ केले. योग्य काय?

जुनाखोड: ‘अतिथी’च. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. पाहुण्याला आमंत्रण असते. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या या कथेत हजार घरांनी दारे लावून घेतल्यावर हे दोघे या झोपडीशी येतात, त्यांना बोलावले कोणी होते?

माजघर: ‘न तिथी’ ही फोड गोड आहे, परंतु मनुस्मृतीतला अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा, ज्याचा मुक्काम नित्य नाही असा, शिवाय हा शब्द भटकणे या अर्थाच्या ‘अत्’ धातूकडेही नेला जातो. आणि आमच्या कोल्हापूरकडे ‘पाव्हणं’ ही अनोळखी माणसालाही घातलेली हाक आहे. बॉकिस लंगड्या मेजाच्या पायाखाली खापर सरकवते, मेज पुदिन्याने पुसते. त्या घरात ‘अतिथी’ फार परीटघडीचा वाटतो.

जुनाखोड: उद्या ‘अतिथिदेवो भव’चेही ‘पाव्हणं देव’ कराल. हाक आणि शीर्षक यांत अंतर राहू द्यावे.

आडवाट: लॅटिनमधला ‘होस्पेस’ यजमान आणि पाहुणा या दोघांनाही लागू पडतो, तेव्हा नेमका प्रतिशब्द मिळणे कठीणच. मद्याचे भांडे आपोआप भरू लागेपर्यंत म्हाताऱ्यांना हे देव असल्याचा पत्ताच नसतो, म्हणून ‘वाटसरू’ म्हणावे. मला खटकते ते ‘तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले’ हे लांबण. सरळ ‘ताम्रपट’ का नको?

माजघर: ताम्रपट म्हटले की शिलाहारांची दानपत्रे आठवतात. शिवाय कोरलेला पत्रा वेगळा आणि त्यावरून उठवलेला कागद वेगळा. ‘मुद्राचित्र’ रूढ आहे.

जुनाखोड: त्यात लाकडी ठशापासून शिळाछापापर्यंत सगळेच येते. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याचे पत्रे कोरून गीता छापली गेली. काम आपल्याकडे झालेले असताना शब्दासाठी अडून का बसावे? ‘ताम्रमुद्रा’ म्हणावे.

मसिरेखा: ‘ताम्रमुद्रा’ वाचून डोळ्यांसमोर नाणे येते. शीर्षकाचे मात्र राहिलेच.

आडवाट: मग ‘ताम्रकोरीव’?

माजघर: त्याने भांड्यांवर नावे घालणारा आठवतो, आणि ते काम टोचण्याचे असते. येथे कोरणी पुढे ढकलत धातूची बारीक तार काढायची आणि त्या चरात शाई भरायची असते.