बाबांच्या नावावर आलेली चलानं माझी आहेत, ती माझ्यावर कशी घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गाडी बाबांच्या नावावर, मोबाइल नंबरही त्यांचाच दिलेला, त्यामुळे ई-चलानाचे मेसेज त्यांनाच जातात. दीड महिन्यात तीन आली, दोन-दोन हजाराची, तिन्ही ओव्हरस्पीडची आणि तिन्ही एक्स्प्रेस वेच्या घाटातली. तिन्ही वेळा गाडी मी चालवत होते, दर सोमवारी पहाटे पुण्याहून वाशीला ऑफिसला जाते.

परवा घरी आले तर बाबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून चलानाचा फोटो बघत बसलेले. चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "मीच गेलो असेन गं कधीतरी, हल्ली लक्षात राहत नाही." ७२ वर्षांचे आहेत, आजवर एक चलान नाही त्यांच्यावर, आणि माझ्यामुळे त्यांना स्वतःच्या डोक्यावरच शंका यायला लागली होती. मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. रागावले नाहीत, फक्त "घाटात ना?" एवढंच विचारलं आणि उठून गेले. ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

ऑफिसात सगळे म्हणतायत भरू नकोस, लोकअदालत लागली की कमीत मिटतं, एकजण तर म्हणाला कॅमेऱ्याची चूक म्हणून तक्रार टाक. पण चूक कॅमेऱ्याची नाहीये हो. कारला घाटात ६० ची मर्यादा आहे हे मला पाठ आहे, अमृतांजन पूल होता तिथून पुढचा उतार लागला की गाडी आपोआप पळते आणि मी पळू देते, फोटोत ९१ लिहिलंय ते ९१च होतं.

मला पूर्ण पैसे भरायचेत, पण ते बाबांचा गुन्हा म्हणून नको, चालवणारी मी होते अशी नोंद व्हावी. असं करता येतं का? आणि उतारावर स्पीड कसा धरून ठेवता तुम्ही?

प्रतिसाद:
ताई, पैसे कुणीही भरू शकतं, महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून तुमच्या खात्यातून भरा. पण भरलं की ते चलान तिथंच मिटतं, म्हणून नोंद हवी असेल तर आधी ट्रॅफिक ब्रँचला जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन्सची माहिती मालकाला द्यावी लागते, तेव्हा बाबांच्या सहीचं पत्र, आरसी आणि तुमचं लायसन्स सोबत न्या. ओव्हरस्पीडला लायसन्स सस्पेंडही होऊ शकतं, ती तयारी ठेवून जा.

उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका, तिसरा गिअर टाका, इंजिनच गाडी धरतं. दहा किलोमीटरला ६० नं दहा मिनिटं लागतात, ९० नं पावणेसात. वाचली सव्वातीन मिनिटं, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर मात्र सव्वादोनपट.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. सस्पेंड झालं तर सोमवारी बसनं जाईन, चालेल. सव्वातीन मिनिटांचा हिशोब बाबांना वाचून दाखवला. पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "गाडी माझी मुलगी चालवत होती" इथपर्यंत लिहून पेन थांबलं, म्हणाले नक्की ना? म्हटलं हो बाबा, लिहा. उद्या रजा टाकली आहे, दोघं जातोय.