स्लीव्हनंतर पुन्हा ऑपरेशन: मी होकाराच्या बेतात आहे, विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा

दारव्ह्याची मास्तरीण

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय 43, उंची पाच फूट दोन इंच. 2017 मध्ये नागपूरला वजन उतरवायचं ऑपरेशन, स्लीव्ह, करून घेतली. म्हणजे पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकला आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवली. तेव्हा वजन 121 होतं, दोन वर्षांत 79 वर आलं. आज काटा 104 दाखवतो.

वजन वाढलं हे अर्धं दुखणं. उरलेलं अर्धं रात्रीचं आहे. तीन उशा लावून झोपते. तरी पहाटे दोन-अडीचला आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागतो, श्वास अडकतो. मुलगी उठून पाठ चोळते. ती बारावीला आहे. ॲसिडिटीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. दुसरं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं म्हणून आता एन्डोस्कोपी करून घेतली, तर अन्ननलिकेत जखमा निघाल्या, ग्रेड सी, म्हणजे गंभीर. उरलेल्या पोटाचा वरचा भाग छातीत सरकलाय असंही निघालं.

सर्जन म्हणतात, स्लीव्हचं बायपास करू, म्हणजे पोटाची छोटी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडू. खर्च साडेचार लाख. दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि वजन पहिल्याइतकं उतरत नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

माझं मत करावं असं आहे. गावात बोललं जातं, "एकदा करून फसली, आता पुन्हा कापून घेते." अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा ब्लॉकेज निघालं तर त्याला कोणी असं बोलत नाही. आजार उलटला असं म्हणतात आणि पुन्हा नागपूरला घेऊन जातात. वजनाच्या पेशंटलाच का ऐकावं लागतं?

वऱ्हाडी गडी

ताई, राग नका मानू, पण मले पटत नाई. 42 किलो उतरलं ते ऑपरेशननं. मंग 25 किलो चढलं ते कशानं? याचं उत्तर तुमच्या लिहिण्यात कुठीच नाई. ते सापडत नाई तोवर दुसरं ऑपरेशनबी पाच-सात वर्षांनी तुम्हाले इथंच आणून सोडीन.

माह्या मावसभावानं पोटाले पट्टा बसवला होता, सिलिकॉनचा. कातडीखाली एक बटन, त्यात सुईनं पाणी भरून पट्टा आवळायचा. दोन वर्षांनी पट्टा सरकला, उलट्या थांबेनात, काढावा लागला. मंग स्लीव्ह केली. आता त्याची शुगर पुन्हा 250 च्या वर हाये. दरवेळी डॉक्टर नवीन अन् बिल नवीन. तीन एकर गेलं त्याचं.

अन् अँजिओप्लास्टीवाल्यालेबी डॉक्टर पहिले हेच विचारते, बिडी सोडली का?

दारव्ह्याची मास्तरीण

राग नाही भाऊ. उत्तर देते, आणि खरं देते.

स्लीव्हनंतर ज्वारीची भाकर माझ्या घशाखाली उतरत नाही. भाकर-पिठलं घेऊन बसलं की तिसऱ्या घासाला छातीत गोळा बसतो, मग मोरीकडे जावं लागतं. पंगतीत तर बसणंच सोडलं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट सरळ उतरतं. शेव उतरते, चिवडा उतरतो, आइस्क्रीम उतरतं. पोटाला जे हवं ते अडकतं आणि जे नको ते बिनबोभाट जातं. पहिली दोन वर्षं भूकच नव्हती, कारण भुकेचं हार्मोन बनवणारा पोटाचा भाग त्या ऑपरेशनात निघून जातो. तिसऱ्या वर्षी भूक परत आली. मग कोरोनात शाळा बंद, दिवसभर घरात, दिवसाला पाच कप साखरेचा चहा आणि प्रत्येक कपाबरोबर दोन टोस्ट. 25 किलोंपैकी 16 त्या दीड वर्षातले.

म्हणजे माझी चूक आहेच. पण जखमा आणि छातीत सरकलेलं पोट हे टोस्टनं झालेलं नाही.

पैनगंगेकाठची

मी दोन्हीतून गेलेली आहे, म्हणून लिहिते. आधी स्लीव्ह, पाच वर्षांनी बायपास. माझा सल्ला: ॲसिडिटी गोळ्यांनी सांभाळता येत असेल तोवर थांबा.

वजन उतरलं, 19 किलो. छातीतली जळजळ पहिल्याच आठवड्यात गेली, ते नाकारत नाही. पण पुढचं कोणी नीट सांगत नाही. माझं हिमोग्लोबिन 7 वर आलं, दोनदा शिरेतून लोह घ्यावं लागलं. बी-12 चं इंजेक्शन, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे आता आयुष्यभराचं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळीचे चार घास खाल्ले, तर पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, बायकांनी ओसरीवर आडवं केलं. गोड एकदम आतड्यात उतरतं म्हणून होतं ते.

सगळ्यात वाईट रात्र तिसऱ्या वर्षीची. बेंबीच्या वर असं दुखायला लागलं की पाय पोटाशी घेऊनही राहवेना. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मी नवऱ्याला म्हटलं, हे वेगळं आहे, गाडी काढा. नागपूरला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलतात, तेव्हा मध्ये फटी राहतात. वजन उतरलं की फटी रुंदावतात आणि आतडं त्यात अडकतं. माझं अडकलेलं आतडं काळं पडायच्या बेतात होतं. शहरात राहणाऱ्याला हा धोका अर्ध्या तासाचा असतो. आपल्याला तो चार तासांचा आहे, आणि वाटेत ट्रकची रांग लागली तर पाच.

वऱ्हाडी गडी

हेच सांगून राहिलो होतो.

पीएचसीवाला

मी सर्जन नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे, म्हणून लिहितो.

फक्त वजन वाढलं म्हणून दुसरं ऑपरेशन, याला मी सहजासहजी हो म्हणणार नाही. वऱ्हाडी भाऊंचा प्रश्न तिथे बरोबर आहे. पण मास्तरीणताईंचं तसं नाही. स्लीव्हची नळी अरुंद असते, आतला दाब वाढतो, आम्ल वर चढतं. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली, 10 वर्षांचे निकाल 2022 मध्ये आले. अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांमध्ये 31 टक्के, बायपासवाल्यांमध्ये 7 टक्के. ती पहिल्यांदाच्या ऑपरेशनची तुलना होती, दुसऱ्यांदाची नव्हे, पण कारण कुठे आहे ते त्यातून दिसतं. ग्रेड सी म्हणजे साधी जळजळ नव्हे. ती वर्षानुवर्षं तशीच सोडली तर अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं.

ताई, एक नक्की विचारा. बायपास म्हणजे कोणतं? आपल्याकडे मिनी बायपास पुष्कळ होतं, त्यात आतड्याची जोडणी एकच असते. त्यात पित्त वर चढायची शक्यता असते. तुमच्यासारख्या तक्रारीला रू-एन-वाय, म्हणजे दोन जोडण्यांचं, जास्त योग्य मानतात. आणि नळी पुन्हा बारीक करू असं कोणी म्हटलं तर उठून या.

आणखी एक आपल्या भागाचं. कंबर दुखली, डायक्लोचं, म्हणजे दुखणं थांबवायचं, इंजेक्शन. ताप आला, तेच इंजेक्शन. बायपासनंतर ही औषधं जोडणीवर अल्सर करतात. तंबाखू आणि खर्र्याचं तसंच. तुम्ही खात नसाल, पण गावातल्या डॉक्टरला हे सांगायची जबाबदारी तुमच्यावरच येणार. चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवा.

वर्धेकर

एवढी चिरफाड कशाला? आता वजन उतरवायचं, आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन आलंय. टिरझेपॅटाइड 2025 च्या मार्चपासून भारतात मिळतं. मी सात महिन्यांत 13 किलो उतरवले, तेही कामावर एक दिवस सुट्टी न घेता. साडेचार लाखांत किती महिने येतील याचा हिशोब करा.

पीएचसीवाला

वर्धेकर, औषध चांगलं आहे आणि वजनाचाच प्रश्न असता तर मीही तेच आधी सुचवलं असतं. पण ते पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. जिचं आम्ल आधीच वर येतंय तिचं काय होईल? छातीत सरकलेलं पोट इंजेक्शननं खाली येत नाही. आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे तेही आयुष्यभराचं. ऑपरेशनआधी वजन थोडं उतरवायला वापरता येईल का, हे सर्जनला विचारण्यासारखं आहे.

कपाशीवाली

घरच्यांचं काय म्हणणं आहे ताई? ऑपरेशननंतर महिनाभर करणार कोण?

दारव्ह्याची मास्तरीण

नवरा सोबत आहे. तोंडानं फार बोलत नाही, पण गेल्या महिन्यात त्यानं पलंगाच्या डोकीकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, मी न सांगता. सासूबाई नको म्हणतात. मुलीचं लग्न आलं की पैसा कुठून आणशील, हा त्यांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. शिक्षक पतसंस्थेचं पहिलं कर्ज गेल्या वर्षी फिटलं.

पैनगंगेकाठच्या ताईंचं लिहिणं वाचून रात्रभर विचार केला. दवाखाना चार तास लांब असण्याचं त्या म्हणतात ते मी आधी अनुभवलंय. माझी स्लीव्ह एप्रिलच्या शेवटी झाली होती. घरी आले तर पारा 45 वर. घटाघटा पाणी पिता येत नाही, पोटात मावतच नाही. 30 मिलीची खूण केलेला औषधाचा पेला, दर दहा मिनिटांनी एक घोट. लाइट गेली की कूलर बंद. बाराव्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली आणि सलाइनसाठी भरती व्हावं लागलं. म्हणून या वेळी उन्हाळा टाळायचा हे पक्कं.

पण ताई, तुम्ही थांबा म्हणता, मी चार वर्षं थांबलेच आहे. गोळीचा डोस दुप्पट झाला आणि जखमा तरी वाढल्या.

पैनगंगेकाठची

ग्रेड सी होती हे मी मघाशी नीट वाचलं नव्हतं. माझी एवढी नव्हती. तरी माझं मत पूर्ण बदलत नाही. करायचंच असेल तर त्या फटी टाके घालून बंद करणार का, हे आधी विचारा. माझ्या ऑपरेशनात केल्या नव्हत्या. आणि "बायपास झालेलं आहे, पोटात तीव्र दुखलं तर आतडं अडकल्याची शंका घ्या" असा कागद सर्जनच्या सहीशिक्क्यानिशी घ्या. माझ्याकडे तो असता तर पहिल्या दवाखान्यानं मला परत पाठवलं नसतं.

वऱ्हाडी गडी

मी माह्या जागी कायम हाओ. रोगासाठी करता तर करा, पण वजनाची आस धरून करू नका. चहा-टोस्ट ऑपरेशनच्या आधी सोडून दाखवा, तीन महिने. ते जमलं तर मीच म्हनीन जा.

दारव्ह्याची मास्तरीण

हे मान्य. आज चौथा दिवस आहे, बिनसाखरेचा एक कप सकाळी, तेवढाच.

पीएचसीवाला

विम्याची पॉलिसी असेल तर बघा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार, अशी अट असते. तुमचा 42 च्या आसपास येतो. पण दुसऱ्यांदाचं ऑपरेशन धरतात का ते कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या शब्दावर राहू नका. दुसरं मत नागपूरला मिहानमधल्या एम्सच्या सर्जरी ओपीडीत घ्या. जाताना 2017 चं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट न्या. पहिल्यांदा नेमकं काय केलं हे कळल्याशिवाय कोणीही धड सांगू शकणार नाही.

दारव्ह्याची मास्तरीण

काल सगळी कोठी उपसली. कार्ड सापडलं, तुरीच्या डाळीच्या डब्यामागे, मुलीच्या जुन्या लसीकरणाच्या कार्डात घडी घालून. वाळवीनं एक कोपरा खाल्लाय, पण मधलं वाचता येतं: "बुजी 36 फ्रेंच". म्हणजे नळी किती रुंद ठेवली त्याचं माप. आठ वर्षांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

सोमवारी रजा टाकली आहे. पहाटे पाचच्या एसटीनं यवतमाळ, तिथून नागपूर. रू-एन-वाय की मिनी, फटी शिवणार का, सहीचा कागद, विमा, तारीख दिवाळीनंतरची, हे पाच प्रश्न शाळेच्या वहीच्या पानावर लिहून घेतलेत. होकार अजून दिलेला नाही.