मुलाला रेमेडियल गणितात टाकलंय, घ्यायलाच हवं का? (शुक्रवारच्या आत सांगा)

घाईतली_आई:
मुलाला कॉलेजने प्लेसमेंट परीक्षेवरून (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) रेमेडियल, म्हणजे शाळेचं कच्चं राहिलेलं पक्कं करून घेणाऱ्या, गणिताच्या वर्गात टाकलंय. शाळेत गणितात बी ग्रेड होती, मठ्ठ नाहीये तो. या वर्गाचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत, फी मात्र पूर्ण. मग मुलं हे वर्ग घेतात तरी कशाला? नाही म्हणता येतं का? शुक्रवारी नोंदणी बंद होतेय, तत्त्वज्ञान नको.

तिरकस:
देश कुठला, परीक्षा कुठली, मार्क किती? की पत्रिका बघून सांगायचं?

घाईतली_आई:
अमेरिका, कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज). परीक्षा सगळ्यांना असते तीच.

खोडरबर:
ताई, "सगळ्यांना तीच" असं नसतं. अ‍ॅक्युप्लेसर नावाची संगणकावरची परीक्षा असेल तर गुण २०० ते ३०० मध्ये असतात आणि किती गुणांवर कुठला वर्ग हे कॉलेज ठरवतं. वेळेचं बंधन नाही, पण प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, मागेही येता येत नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, ठरावीक प्रश्नांनाच पडद्यावर मिळतो. मुलं इथेच आपटतात. मी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये बसते. गेल्याच आठवड्यात एका मुलीने ३/८ + १/४ = ४/१२ लिहिलं, आणि ती शाळेत प्री-कॅल्क्युलस करून आलेली. पाया कच्चा आणि वर मजले, अशी पुष्कळ येतात. शेवटच्या वर्षी गणित होतं का त्याला?

आजोबा_७४:
पावकी, निमकी, पाऊणकी पाठ नाहीत, दुसरं काय! अकरा पाऊणे सव्वाआठ. पाचवीतच घोकून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. रोज सकाळी अर्धा तास म्हणायला लावा.

तिरकस:
आजोबा, शुक्रवारपर्यंत पाऊणकी?

परत_शाळेत:
मी अडतिसाव्या वर्षी कॉलेजला गेले. अठरा वर्षांत समीकरणाचं तोंड पाहिलं नव्हतं. रेमेडियल घेतलं, लाज वाटली, पण पुढचं बीजगणित त्यामुळेच निभावलं. वर्गात निम्मे माझ्यासारखे, नोकरी करून आलेले. "मठ्ठ नाही" हे वाक्य खटकलं. घ्या निमूटपणे.

मधली_वाट:
निमूटपणे का? तुमची गोष्ट वेगळी, नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलाची वेगळी. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरने २०१२ साली दाखवलं होतं, की अशा परीक्षांच्या जोरावर गणितात साधारण चारातला एक जण साफ चुकीच्या वर्गात जातो. शाळेतल्या ग्रेडवरून जास्त बरा अंदाज येतो. राज्य कुठलं ते सांगा. कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर शाळेचे ग्रेड बघावेच लागतात. फ्लोरिडात २०१३ च्या कायद्याने तिथल्या सरकारी हायस्कूलमधून आलेल्या बऱ्याच मुलांना परीक्षा आणि हे वर्ग, दोन्ही ऐच्छिक झाले.

घाईतली_आई:
दोन्ही नाही. आणि हो, शेवटच्या वर्षी गणित नव्हतं, तीन वर्षांचंच सक्तीचं होतं. परीक्षा त्याने कामावरून येऊन, काहीही न उजळता दिली. "फक्त प्लेसमेंट आहे, नापास होत नाहीत" असं कुणीतरी सांगितलेलं.

खोडरबर:
झालं! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना. सव्वा वर्षाची गंज आणि उजळणी शून्य. आज अ‍ॅडव्हायजरला दोनच गोष्टी विचारा: फेरपरीक्षा कधी देता येईल, आणि कोरिक्विझिट आहे का? म्हणजे नेहमीचा क्रेडिटवाला वर्ग आणि जोडीला आठवड्याचे एक-दोन जादा तास. टेनेसीने २०१५ पासून राज्यभर हेच केलं.

परत_शाळेत:
जोडवर्गात कच्ची मुलं बुडतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मधली_वाट:
आणि रेमेडियलच्या दोन-तीन पायऱ्यांत कितीतरी मुलं मधेच गळतात, ती तुम्हाला वर्गात दिसणार कशी? ताई, मुलगा कुठल्या शाखेला आहे? इंजिनियरिंगला नसेल तर बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र चालेल का तेही विचारा.

नवा_सभासद_९:
माझ्या लेकाचं इंग्रजी स्पेलिंग फार कच्चं आहे, अ‍ॅप सुचवा.

तिरकस:
आला, धागा भरकटला.

वहीखाते:
फीचं कुणी बोललं नाही. फेडरल (केंद्र सरकारची) शिक्षणमदत मिळत असेल तर रेमेडियललाही ती चालते, पण ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच. पात्रता आटते, ते लक्षात असू द्या.

घाईतली_आई:
अ‍ॅडव्हायजर भेटली. फेरपरीक्षा गुरुवारी. कोरिक्विझिट संख्याशास्त्राला आहे, बीजगणिताला नाही. मुलगा नर्सिंगला आहे, त्याला संख्याशास्त्र चालतं म्हणे. हे कॉलेजच्या पत्रात कुठेच नव्हतं! आत्ता जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक घेऊन बसलाय, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा म्हणून माझ्याशी भांडतोय. मलाही सांगता येईना.

आजोबा_७४:
"६ मध्ये १/२ किती वेळा बसतो?" असं विचार त्याला. बारा म्हणाला की स्वतःच उलटा करील.

घाईतली_आई:
म्हणाला बारा. आता ३/४ भागिले २/५ वर अडलाय. आजोबा, आहात ना?