मदत हवी आहे: न मोजता येणाऱ्या नामाआधी ‘अ’ नेमका केव्हा चालतो?

इंग्रजी उपपदांचे प्राथमिक नियम मला ठाऊक आहेत. मोजता येणाऱ्या एकवचनी नामाआधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ येते, न मोजता येणाऱ्या नामाआधी येत नाही, आणि ‘एक कप’ या अर्थी ‘अ कॉफी’ चालते. मराठीत आपण ‘दोन सल्ले’ सहज म्हणतो, त्यामुळे ‘अ‍ॅडव्हाइस’ मोजता येत नाही हे पचायला वेळ लागला. पण ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ही आता अंगवळणी पडले आहे.

अडचण त्यापुढची आहे. ‘नॉलेज’ हे नाम शब्दकोशात अगणनीय दाखवलेले असूनही ‘शी हॅज अ गुड नॉलेज ऑफ फ्रेंच’ हे वाक्य शुद्ध मानले जाते. विशेषणामुळे ‘अ’ येत असावा असे समजून मी ‘ही गेव्ह मी अ गुड अ‍ॅडव्हाइस’ असे लिहिले, तर ते चुकीचे ठरले. ‘अ बेटर अंडरस्टँडिंग’ बरोबर, ‘अ गुड प्रोग्रेस’ मात्र चूक. वास्तविक ही सगळीच भाववाचक नामे आहेत. व्याकरणाची जी पुस्तके चाळली, त्यांतली उदाहरणे साखर आणि पाणी यांपलीकडे जात नाहीत.

मला हे औपचारिक लेखनासाठी हवे आहे, आणि ‘कानाला बरे वाटेल ते लिहा’ हा उपाय माझ्या मराठी कानाला लागू पडत नाही. तेव्हा, विशेषण जोडल्यावर कोणती अगणनीय नामे ‘अ’ घेतात आणि कोणती घेत नाहीत, हे अर्थावरून ओळखण्याची काही खूण आहे, की प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठच करावा लागतो?