दणकट, काटक की चिवट? कोकणातला सगळ्यात कणखर वन्यप्राणी कोणता?

कातळवाट:
सातवी-आठवीच्या मुलांसाठी वादविवाद ठेवायचा आहे. विषय: कोकणातला सगळ्यात कणखर वन्यप्राणी. बिबट्या, गवा, रानडुक्कर ही नावं मुलं लगेच घेणार. वजन आणि दात सोडून आणखी काय मोजायला लावावं? सड्यापासून खाडीपर्यंत कुठलाही प्राणी चालेल. मुलांना प्रत्यक्ष बघता येईल असं काही असेल तर फारच बरं.

घाटमाथा:
आधी शब्द वेगळे करून द्या. दणकट म्हणजे अंगाने मजबूत, काटक म्हणजे मिळेल त्यावर भागवून टिकणारा, चिवट म्हणजे मारून न मरणारा. तिन्ही गुण एकाच प्राण्यात सापडत नाहीत.

दणकटपणात गवा पहिला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. त्याच्या पाठीवरचा उंचवटा चरबीचा नाही. मणक्यांची वर आलेली लांब हाडं आणि त्यांना धरलेले स्नायू आहेत ते. पण हाच गवा गुरांच्या रोगांपुढे हरतो. बुळकांडीने पूर्वी गवे मोठ्या संख्येने मेले आणि लाळ्या-खुरकुताचा धोका आजही आहे. रानालगतच्या गावांनी गुरांना वेळेवर लस टोचली तर गवाही वाचतो.

काटकपणात माझं मत रानडुकराला. कंद, किडे, भात, पडलेली फळं, मेलेलं जनावर, त्याला सगळं चालतं. नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातडीचा जाड, राठ थर असतो, झुंजीत दुसऱ्याचे सुळे तिथे अडतात. खालचे सुळे वरच्यांवर घासून आपोआप धार धरतात. बिबट्या मात्र मी खाली ठेवेन. सुळा तुटला किंवा पंजा जायबंदी झाला की त्याची शिकार अडते.

आमराई:
खवले मांजर राहिलं. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे. अंगाची गुंडाळी केली की बिबट्यालाही ती सोडवणं कठीण. तोंडात दात एकही नाही. वाळवी आणि मुंग्या जिभेने टिपायच्या आणि गिळलेल्या खड्यांच्या मदतीने पोटात दळायच्या.

माणसापुढे मात्र हीच गुंडाळी त्याच्या जिवावर उठते. ते पळत नाही, आणि चोरटे उचलून पोत्यात भरतात. वेताला बहुधा एकच पिल्लू, त्यामुळे गेलेल्यांची भरपाई होत नाही. वस्तीत दिसलं तर कुत्रे बांधा, शेपटी धरून ओढू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

जांभा:
प्रत्यक्ष बघायचं तर जलअस्वल, म्हणजे टार्डिग्रेड. आठ पायांचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी. शेवाळ सुकलं की पाय आत ओढून पिंपासारखा होतो, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं. २००७ मध्ये फोटॉन-एम३ यानातून अशी सुकी जलअस्वलं अवकाशात उघडी ठेवली होती. निर्वात पोकळी त्यांनी चांगली सोसली. सूर्याचे अतिनील किरण पूर्ण पडले तिथे फार थोडी वाचली.

कृती अशी. जांभ्याच्या गडग्यावरचं सुकून तपकिरी झालेलं शेवाळ घ्या, रुपयाच्या नाण्याएवढं पुरे. कायम ओलं, लुसलुशीत शेवाळ टाळा, त्यात ती कमी सापडतात. बशीत पावसाचं पाणी घालून शेवाळ पालथं ठेवा, १२ ते २४ तास भिजू द्या. मग दुसऱ्या बशीत हलक्या हाताने पिळा, दहा मिनिटं गाळ बसू द्या आणि तळाचा थेंब ड्रॉपरने काचपट्टीवर घ्या. चाळीस पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप पुरतो.

नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका. दोन दिवसांहून जास्त भिजवलं तर शेवाळ कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जलअस्वलं फुगून निपचित पडतात. मुलांना ती मेलेली वाटतील. वळवळणारा दोरा दिसला तर तो सूत्रकृमी. जलअस्वल पाय टाकत सावकाश चालतं. एका नमुन्यात काही नसेलही, म्हणून चार-पाच ठिकाणचं शेवाळ वेगवेगळं भिजवा.

खाडीकाठ:
जांभा, एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. ही चिवटाई सुकलेल्या अवस्थेतली आहे. २०२० मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी एका जातीवर प्रयोग केला. जागी, ओली जलअस्वलं सुमारे ३७ अंशांवर ठेवली, तर २४ तासांत निम्मी मेली. सुकलेल्यांना तेवढंच नुकसान व्हायला तासाभरासाठी ८२ अंशांच्या पुढचं तापमान लागलं. आपला कातळ मे महिन्यात ३७ च्या कितीतरी वर तापतो, तिथे ती सुकूनच दिवस काढतात.

जागेपणी सोसणारा हवा तर खडकावरचं कालव बघा. ओहोटीला ऊन, भरतीला लाटा, पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की शिंपा घट्ट मिटून बसायचं. शेजारी टोपीसारख्या शिंपल्याचे लिंपेट चिकटलेले असतात. युरोपातल्या लिंपेटचे दात २०१५ मध्ये तपासले तेव्हा ते कोळ्याच्या धाग्यापेक्षाही मजबूत निघाले. त्यांत गोएथाइट हे लोहखनिज असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सगळ्यात खाली जाते. ती तळाला जायच्या तासभर आधी मुलांना उतरवा आणि पाणी फिरलं की लगेच वर आणा. लिंपेट उपटू नका, पाय फाटून मरतो.

कातळवाट:
तीन शब्दांचे तीन गट करतो. जांभा, वादविवाद जानेवारीत आहे. शेवाळ आत्ताच काढून ठेवलं तर टिकेल?

जांभा:
टिकेल. सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते. पाकिटावर जागा आणि तारीख लिहा, आणि भिजवायला वादाच्या आदल्या दिवशी सकाळी घाला.